उसण, पिळा आणि बरगड्या: पाठीचा मधला भाग हलतो तरी कसा?

कोयनाकाठ (धागाकर्ती)

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. मी कराडजवळ फिजिओथेरपी करते, त्यामुळे नोव्हेंबरनंतर ऊसतोडीची माणसं रोजच येतात. एक पस्तिशीची बाई आली. मोळी ट्रॉलीवरच्या माणसाकडे देताना वळली आणि तिथेच खिळली. श्वास अर्ध्यावर आला की डाव्या बाजूला सुरी लागावी तशी कळ. "ताई, उसण भरलीय," एवढंच म्हणाली. बोट ठेवलं ते कमरेवर नाही. डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या आत, कण्यापासून दोन बोटांवर.

मुकादमानं मात्र एक्स-रे कमरेचा काढून आणला होता. वळताना दुखलं म्हणजे कंबरच, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याला दोष देत नाही. आपण सगळेच "कमरेतून वळ" म्हणतो. योगवर्गात म्हणतात, व्यायामशाळेत म्हणतात, नाच शिकवतानाही म्हणतात. पण कंबर वळण्यासाठी बनलेलीच नाही. वळतो तो छातीमागचा कणा, आणि तोही बरगड्यांनी वाट दिली तरच. हे नीट कळलं तर निम्म्या पाठी वाचतील असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

मानेत ७ मणके, छातीत १२, कमरेत ५. दोन मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारे दोन छोटे सांधे असतात. कमरेत त्या सांध्यांचे पृष्ठभाग अशा दिशेला असतात की पुढे-मागे वाकायला मोकळीक, पण वळायला गेलं की हाड हाडाला अडतं. पाचही मणके मिळून एका बाजूला जेमतेम ५ ते १० अंश वळतात. छातीत हेच पृष्ठभाग पाठीकडे तोंड करून, एखाद्या वर्तुळाच्या कडेवर मांडल्यासारखे असतात. तिथे मणका मणक्यावर सहज फिरतो. बारा जण मिळून एका बाजूला साधारण ३० ते ३५ अंश देतात. म्हणजे कमरेच्या तिप्पट-चौपट.

मग छातीचा कणा ताठ का वाटतो? कारण तो एकटा नाही. त्याला १२ जोड्या बरगड्या लटकलेल्या आहेत. वरच्या ७ स्वतःच्या कूर्चेने उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, जोडलेल्या. ८, ९ आणि १० नंबरच्या आपली कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला जोडतात. शेवटच्या दोन पुढे कशालाच जोडलेल्या नाहीत, पोटाच्या स्नायूंत मोकळ्या संपतात.

आता मागची बाजू. इथे थोडं थांबायला हवं, कारण उसण बहुतेक वेळा इथेच भरते. बरगडीचं डोकं कण्याला टेकतं. २ ते ९ नंबरच्या बरगड्यांचं डोकं एका मणक्यावर नाही तर दोन मणक्यांच्या मधोमध बसतं, मधल्या चकतीलाही चिकटून. शिवाय जरा बाहेरच्या बाजूला बरगडीचा उंचवटा मणक्याच्या आडव्या फाट्याला टेकतो. असा दुसरा सांधा पहिल्या १० बरगड्यांना असतो, ११ आणि १२ ला नसतो. डोक्याचा एक आणि फाट्याचा एक असं मोजलं तर पाठीत बरगड्यांचे २४ अधिक २०, एकूण ४४ सांधे होतात. गुडघ्याचे दोन सांधे आपल्याला आयुष्यभर ठाऊक असतात. या ४४ सांध्यांचं नावही कुणी घेत नाही.

आणि हे सांधे रात्रंदिवस हलत असतात. मिनिटाला १२ ते १६ श्वास धरले तर दिवसाला वीस हजारांच्या आसपास वेळा.

प्रत्येक बरगडी सारखी हलत नाही. वरच्या बरगड्यांचा आस बराचसा डावी-उजवीकडे असतो, त्यामुळे श्वास घेतला की त्यांचं पुढचं टोक वर आणि पुढे जातं. गावातला हापसा आठवा. दांडा मागे खिळलेला, पुढचं टोक वर येतं. खालच्या बरगड्यांचा आस पुढे-मागे जास्त झुकलेला असतो, म्हणून त्या बाजूला फुलतात, बादलीची कडी आडवी पडलेली असते ती उचलावी तशा. हापसा आणि बादली, दोन्ही छातीत आहेत. बसून काम करणाऱ्या माणसाची बादली हळूहळू बंद पडते आणि तो मानेच्या स्नायूंनी हापसा ओढत राहतो. संध्याकाळी मान आणि खांदे का भरून येतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उजवीकडे वळलात की उजव्या बरगड्या मागे सरकतात, डाव्या पुढे. बरगड्या श्वासासाठीच सैल नसतील तर वळताना कशा सरकणार? मग शरीर उरलेला पिळा कमरेकडून ओढून घेतं, आणि कमरेकडे तो मुळात नसतोच.

मागे वाकणंही छातीत थोडंच आहे. मधल्या मणक्यांचे काटे लांब आणि खाली झुकलेले, कौलारू घरावरच्या कौलांसारखे एकावर एक. मागे गेलं की कौल कौलाला टेकतं. छातीच्या कण्याला मागे बाक असतोच, २० ते ४० अंशांचा बाक निरोगी माणसाचा. तो सपाट करायचा नाही, हलता ठेवायचा आहे.

अनुभव लिहा, प्रश्न विचारा. मला वेळ मिळेल तसं उत्तर देते.

---

गावरान

ताई, फार छान लिहिलंय. आमच्या गावात उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. तो पाठीला पाय लावायचा आणि माणूस बरा व्हायचा. माझी आजी स्वतः पायाळू होती, तिच्याकडे पहाटे पहाटे लोक यायचे. तुम्ही सांगता ते सांधे आणि आजीचा पाय, यात काही नातं असेल का?

---

कोयनाकाठ

गावरान, तुमच्या आजीबद्दल वाचून आनंद झाला. पायाळूपणामुळे काही होतं असं मी म्हणणार नाही. पण तिच्याकडे गेल्यावर प्रत्यक्षात काय व्हायचं ते बघा. माणूस पालथा झोपायचा, कुणीतरी धीर द्यायचं, पाठीवर हलका दाब यायचा आणि त्या दाबाबरोबर श्वास बाहेर पडायचा.

माझ्या समजुतीनुसार उसण म्हणजे बरगडीचा एखादा मागचा सांधा किंवा मणक्याचा सांधा चिडतो आणि भोवतीचे स्नायू त्याला घट्ट आवळून धरतात. श्वास घेताना तीच बरगडी हलते, म्हणून कळ येते. कळ येते म्हणून माणूस श्वास तोकडा करतो आणि आवळलेलं आणखी आवळतं. पूर्ण श्वास सोडला की ही गाठ सैल व्हायला मदत होते. बहुतेक उसण काही दिवसांत आपणहून सुटतेही. जोरात लाथ मारणं किंवा कडकन मोडणं मात्र कुणी करू नये, विशेषतः वयस्क बायकांवर. ठिसूळ हाडाची बरगडी नुसत्या खोकल्यानेही मोडू शकते.

---

स्वरवेडी

मी पंचवीस वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. खर्जाचा रियाज करताना आमच्या गुरुजींनी कधी "पोट फुगव" म्हटलं नाही. ते माझ्या पाठीवर, खालच्या बरगड्यांवर दोन्ही हात ठेवायचे आणि हात बाहेर ढकलायला सांगायचे. सूर लावल्यावरही ते हात लगेच आत येऊ द्यायचे नाहीत. बादलीची कडी वाचल्यावर पहिल्यांदा समजलं की ते काय शिकवत होते.

एक प्रश्न आहे. तानपुरा एका बाजूला घेऊन बसल्याने माझी उजवी बाजू कमी फुलते असं जाणवतं. हे खरं असेल का?

---

कोयनाकाठ

स्वरवेडी, अगदी शक्य आहे. तासन् तास एका बाजूला झुकलं की त्या बाजूच्या बरगड्या एकमेकींजवळ येतात आणि त्यांच्यामधले स्नायू तोकड्या लांबीत काम करायला शिकतात. रियाजानंतर डाव्या कुशीवर झोपा, कुशीखाली घडी केलेली चादर घ्या आणि उजवा हात डोक्यावरून लांब करून दहा-बारा सावकाश श्वास उजव्या बाजूत भरा. महिनाभर करून सांगा.

तुमच्या गुरुजींचं बरोबरच होतं. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, खालच्या ६ बरगड्यांच्या आतल्या बाजूला, उरोस्थीच्या टोकाला आणि कमरेच्या वरच्या मणक्यांना चिकटलेलं असतं. ते खाली जाताना पोटातल्या अवयवांवर टेकतं आणि त्या आधारावर खालच्या बरगड्या बाजूला उचलतं. पोट पूर्ण ढिलं सोडलं तर तो आधार मिळत नाही. म्हणून नुसतं पोट फुगवणं म्हणजे खोल श्वास नव्हे.

---

अस्थिवैद्य

ऑर्थोपेडिक सर्जन आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. लेख आवडला, दोन गोष्टी जोडतो.

पहिली, छातीचा बारावा मणका. त्याचे वरचे सांधे छातीसारखे आणि खालचे कमरेसारखे असतात. वर फिरणारा भाग, खाली न फिरणारा भाग, आणि वरच्या मणक्यांना बरगड्यांचा जो पिंजरा आधार देतो तोही इथे संपलेला. आमच्याकडे आंब्याच्या आणि नारळाच्या हंगामात झाडावरून पडलेली माणसं येतात, तेव्हा मोडलेला मणका बहुतेक याच जोडावर असतो, बारावा छातीचा किंवा पहिला कमरेचा. अशा माणसाला उठवून बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. फळीवर सरळ ठेवून आणा.

दुसरी जास्त महत्त्वाची. छातीमागचा कणा दुखतो म्हणजे उसणच, असं धरून चालू नये. मणक्याचा क्षयरोग सगळ्यात जास्त छातीच्या खालच्या भागात दिसतो. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जनने १७७९ साली त्याचं वर्णन केलं आणि आजही आपल्याकडे तो नेहमी भेटतो. आठवडेच्या आठवडे दुखणं, झोपूनही न थांबणारं दुखणं, संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, रात्री घाम, पाठीच्या मध्यावर टोकदार उंचवटा, पायात जडपणा. यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून तपासणी करा. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वेळेत सुरू झाली तर बहुतेक माणसं चालत राहतात.

आणि छातीत पुढून दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर उसण म्हणून ओवा-मीठ शेकत बसू नका. आधी ईसीजी.

---

ओवी

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून हात थरथरले. माझ्या आईला सहा महिने "मसल पेन" म्हणून मालिश आणि गोळ्या दिल्या गेल्या. कुठे ते लिहीत नाही. ती म्हणायची, झोपलं तरी ठणकतं, आणि आम्ही म्हणायचो, आई, वय झालं. पाय उचलेना तेव्हा एमआरआय झाला. क्षयरोगच होता, नववा आणि दहावा मणका. दीड वर्ष औषधं घेतली. आज ती काठी घेऊन चालते. या धाग्यावर येणाऱ्या प्रत्येकाने "झोपूनही न थांबणारं" हे शब्द लक्षात ठेवावेत.

---

कोयनाकाठ

ओवी, लिहिलंत त्याबद्दल आभार. डॉक्टरांचे मुद्दे मूळ लेखात असायला हवे होते, ती माझी चूक. आईंना नमस्कार सांगा.

---

चेंडूफळी

माझा मुलगा १५ वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. गेल्या वर्षी कमरेत डाव्या बाजूला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हाच्या ताणाने हाडाला पडलेली चीर, निघालं. त्याच्या प्रशिक्षकांनी खांदे आणखी वळवायला सांगितले होते, वेग वाढेल म्हणून. हा धागा वाचून वाटतंय की खांदे वळले पण छाती वळलीच नाही?

---

अस्थिवैद्य

चेंडूफळी, उजव्या हाताच्या गोलंदाजाला डाव्या बाजूला फ्रॅक्चर होणं हे अगदी ठरलेलं चित्र आहे. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची पाठ १९७३ साली अशीच मोडली होती. बुमराहलाही २०१९ मध्ये कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे बाहेर बसावं लागलं. धोका जास्त असतो तो कंबर समोर आणि खांदे आडवे अशा मिश्र शैलीत. चेंडू टाकण्याआधी खांदे उलटे फिरतात, पुढचा पाय आपटतो आणि त्याच क्षणी कणा मागे, बाजूला वाकलेला आणि पिळलेला असतो. सगळा भार मणक्याच्या मागच्या बारीक हाडावर.

पण छाती ताठ होती म्हणूनच मोडलं असं मी म्हणणार नाही. वाढीचं वय आणि षटकांची संख्या ही मोठी कारणं आहेत. आधी हाड जुळू दे, मग शैली, मग छातीची हालचाल. याच क्रमाने जा.

---

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितोय. दिवसाचे नऊ तास स्क्रीनसमोर. छाती किती वळते ते घरी कसं तपासायचं आणि काय करायचं? यूट्यूबवर फोम रोलर घेऊन लोक मागे वाकतात, ते केलं तर माझी कंबरच दुखते.

---

कोयनाकाठ

कंबर दुखते कारण मागे कंबरच वाकते आहे. खालच्या बरगड्या पुढे उघड्या पडल्या की समजा, बाक छातीतून आलेला नाही.

तपासायचं असं. खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, गुडघ्यांमध्ये उशी. झाडूचा दांडा छातीवर आडवा धरा, हात त्यावरून फुलीसारखे. आता वळा. एक गुडघा पुढे सरकला तर खुबा वळतोय, कणा नाही. निरोगी तरुण माणूस साधारण ४५ अंशांपर्यंत जातो, यात कमरेचे थोडे अंश आले. उजवी आणि डावी बाजू यांत मोठा फरक असेल तर तो जास्त बोलका.

व्यायाम त्याच बैठकीत. श्वास सोडत जाल तिथपर्यंत वळा आणि थांबा, जोर लावू नका. वळलेल्या अवस्थेतच तीन श्वास घ्या. उजवीकडे वळला असाल तर उजव्या फऱ्याखाली, मागच्या बरगड्यांत. प्रत्येक श्वास सोडताना छाती आणखी थोडी वळते, आपोआप. हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी विद्यार्थिनी होते आणि माझा स्वतःच्या शरीरावर विश्वास बसेना. पुण्यात १९७५ साली सुरू झालेल्या अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत खुर्चीवरचं भारद्वाजासन करतात, तेही याच कारणाने इतकं उपयोगी आहे. बसल्यामुळे खुबा खुर्चीला टेकून स्थिर राहतो आणि पिळा छातीला घ्यावा लागतो.

मागच्या बाकासाठी रोलर नको. पंचाची जाड गुंडाळी करून फऱ्यांच्या खालच्या टोकाच्या रेषेत आडवी ठेवा, म्हणजे सातव्या मणक्याच्या आसपास. डोक्याखाली उशी, गुडघे मोडलेले. दोन मिनिटं नुसते श्वास, खालच्या बरगड्या जडावलेल्या. हाडं ठिसूळ असतील, पूर्वी मणका दबला असेल, तर हे करू नका.

आणखी एक. दोन्ही हात पूर्ण डोक्यावर न्यायचे तर शेवटचे काही अंश छातीच्या कण्याने मागे जाऊन द्यावे लागतात. फडताळातला वरचा डबा काढताना खांदा दुखतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची मी आधी पाठ बघते.

---

भरती_सराव

मॅडम, मी पोलीस भरतीची तयारी करतोय. छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर लागते आणि फुगवून ५ ची वाढ. माझी ८४ आहे पण फुगवून ८७ च्या वर जात नाही. जोर आणि डिप्स रोज मारतो. मैदानावर खांदे वर उचलले तर मोजणाऱ्या साहेबांनी खाली दाबले. तीन महिने आहेत.

---

कोयनाकाठ

दादा, जोरामुळे छातीवरचा स्नायू वाढतो, म्हणजे तुमचा ८४ वाढतो. फरक वाढत नाही. फरक बरगड्यांतून येतो.

आधी श्वास पूर्ण सोडायला शिका. बहुतेक मुलं अर्धी भरलेली छाती घेऊनच टेपसमोर उभी राहतात, मग भरायला जागा कुठे? तोंडाने सावकाश सोडा, खालच्या बरगड्या हातांनी आत येताना जाणवू द्या, दोन सेकंद थांबा. मग नाकाने घ्या, आधी बाजूला, मग वर छातीच्या हाडाकडे. आधी बादली, मग हापसा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, आणि वर सांगितलेला खुर्चीतला पिळा. जोर एक दिवसाआड केलेत तरी चालेल, छातीचे स्नायू ताणून सैल करा.

---

अस्थिवैद्य

भरती_सराव, एक विचारतो. सकाळी उठल्यावर पाठ अर्धा तास तरी आखडलेली असते का, आणि हालचाल केल्यावर बरी वाटते का? तरुण मुलात असं असेल आणि छाती अडीच सेंटीमीटरही फुगत नसेल तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची शंका घ्यावी लागते. त्यात बरगड्यांचे हेच मागचे सांधे सुजून हळूहळू जखडतात. तुमचे ३ आहेत, घाबरू नका. पण लक्षणं असतील तर भरतीआधीच संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

---

भरती_सराव

नाही सर, सकाळी काही त्रास नाही. आजपासून सुरू करतो. आत्ताच भावाला टेप धरायला लावून श्वास पूर्ण सोडून मोजलं, खांदे न उचलता. ८३ वरून ८७. चार झाले.

---

गावरान

ताई, त्या ऊसतोडवाल्या बाईचं पुढे काय झालं?

---

कोयनाकाठ

कोपीवर, म्हणजे तळावरच्या तिच्या झोपडीत, परत पाठवलं. वाकळेची घडी करून उजव्या कुशीखाली घ्यायला सांगितली आणि डाव्या बाजूत श्वास भरायला शिकवलं. तिच्या मुलीने दर तासाला आठवण करायची असं ठरलं. पहिल्या दिवशी श्वास अर्ध्याच्या थोडा पुढे गेला, तिसऱ्या दिवशी पूर्ण. पाचव्या दिवशी ती फडात होती. मी आणखी चार दिवस मागितले होते, पण हजेरी बुडवून चालणार नव्हतं.

मग मीच फडावर गेले आणि तिची मोळी देण्याची पद्धत पाहिली. डोक्यावर ओझं, पाय मातीत रोवलेले, आणि वळणं सगळं वरून. इतक्या ओझ्याखाली छाती कितीही सैल असली तरी तो पिळा कुणाच्याच बरगड्यांनी सोसू नये. तिला आणि टोळीतल्या बाकीच्या बायकांना एवढंच दाखवलं की आधी पावलं ट्रॉलीकडे वळवायची, मग मोळी द्यायची. हंगाम संपेपर्यंत ती परत आली नाही. पट्टा पडल्यावर, गावी निघायच्या दिवशी, मुलीला घेऊन दारात उभी राहिली, आणि मुलीने मला डोक्यावर रिकामी पाटी धरून पाऊल वळवून दाखवलं.